मानवी बी पेशींमधील केमोकाइन संकेतन

केमोकाइन ही साधारण ८ ते १२ किलोडाल्टन वजनाची लहान प्रथिने. पेशीने कुठे जायचे आणि कुठे थांबायचे, हे बऱ्याच अंशी तीच ठरवतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे बी पेशी; त्यांना अस्थिमज्जेत सीएक्ससीएल-१२ हे केमोकाइन धरून ठेवते, लसीका ग्रंथीतील बी पेशींच्या पुंजक्याकडे सीएक्ससीएल-१३ ओढते आणि प्रतिजन भेटल्यावर सीसीएल-१९ व सीसीएल-२१ टी पेशींच्या सीमेवर आणतात. त्यांचे ग्राही, म्हणजे पेशीवरची त्यांना पकडणारी प्रथिने, अनुक्रमे सीएक्ससीआर-४, सीएक्ससीआर-५ आणि सीसीआर-७. यांतल्या पहिल्या, म्हणजे सीएक्ससीएल-१२ व सीएक्ससीआर-४ या जोडीवरून संकेताची वाट सर्वांत नीट समजते.

ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो. केमोकाइनचा गाभा त्याच्या बाहेरच्या भागाला चिकटतो. मग केमोकाइनचे अमिनो टोक ग्राहीच्या खोबणीत शिरते. संकेत या टोकामुळेच उठतो. सीडी-२६ हे विकर (एन्झाइम) त्यातली पहिली दोन ॲमिनो आम्ले छाटते, तेव्हा सीएक्ससीएल-१२ पेशीला हलवू शकत नाही.

आतल्या बाजूला ग्राहीला जोडलेले जीआय हे प्रथिन जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू घेते आणि त्याचे अल्फा व बीटा-गॅमा असे दोन भाग होतात. बी पेशींत बरेचसे काम बीटा-गॅमा करतो. फॉस्फोलायपेज-सी हे विकर जागे होऊन काही सेकंदांत पेशीतला कॅल्शियम वाढतो. कायनेज म्हणजे फॉस्फेट जोडणारी विकरे; पीआय-३ कायनेजमार्फत एकेटी या, तर रास-रॅफ-मेक या प्रथिनांच्या साखळीने ईआरके या संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लागतो. हे पहिल्या काही मिनिटांत घडते. डॉक-२ आणि रॅक ही प्रथिने पेशीच्या आतल्या ॲक्टिन तंतूंची फेरमांडणी करतात, तर रॅप-१ हे प्रथिन पेशीला चिकटवून ठेवणाऱ्या इंटिग्रिनची पकड घट्ट करते.

या वाटेवर बीटीके कायनेजही आहे, आणि डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायलाच हवे. दीर्घकालीन लसीकापेशी रक्तकर्करोगात बीटीकेला अडवणारे इब्रुटिनिब हे औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत रक्तातील लसीकापेशी अनेकदा वाढतात. ग्रंथींमधली त्यांची पकड सुटून त्या रक्तात उतरतात म्हणून हे घडते. गाठी लहान होत असतील, तर एवढ्यावरून रोग बळावला असे समजून औषध थांबवू नये.

संकेत वेळेवर थांबणेही तितकेच गरजेचे. जीआरके कायनेज ग्राहीच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, तिथे बीटा-अरेस्टिन हे प्रथिन बसते आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. सीएक्ससीआर-४ ची ही शेपटी तोकडी करणारे जनुकीय बदल विम सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात २००३ साली सापडले. संकेत लांबतो, पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतच अडकतात, रक्तातल्या बी पेशी घटतात, चामखिळी व जंतुसंसर्ग वारंवार होतात. ग्राही अडवणाऱ्या मॅव्होरिक्साफोर या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

प्रयोगशाळेत हा संकेत पाहायचा, तर बी पेशी शक्यतो न डिवचता वेगळ्या कराव्यात: बाकीच्या पेशींना प्रतिपिंडे लावून त्या काढून टाकाव्यात. बी पेशींच्याच ग्राहींना प्रतिपिंड चिकटवले, तर केमोकाइन घालण्याआधीच संकेत-प्रथिनांवरील फॉस्फेटची पातळी चढू शकते. ०.५ टक्के अल्ब्युमिन असलेल्या द्रवात ३७ अंश सेल्सिअसला तासभर विसावा द्यावा. अल्ब्युमिन नसेल तर केमोकाइन प्लास्टिकला चिकटून वाया जाते. सीएक्ससीएल-१२ दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे १२ नॅनोमोलर, घालून ०, १, २, ५, १० आणि ३० मिनिटांना नमुने थेट फॉर्मल्डिहाइडमध्ये, म्हणजे पेशी आहे त्याच स्थितीत स्थिर करणाऱ्या द्रवात, घ्यावेत. नमुना आधी थंड करून धुण्यात वेळ गेला की ईआरकेचे शिखर हातचे निसटते. पर्टुसिस विष (डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष) जीआयला अडवते. ते आधी दिलेल्या पेशींतही संकेत तसाच दिसला, तर तो जीआयमार्फत आलेला नाही.

पेशी केमोकाइनकडे सरकतात का, हे पाहणाऱ्या स्थलांतराच्या चाचणीत ५ मायक्रॉन छिद्रांची जाळी आणि २ ते ३ तास लागतात. केमोकाइनची तीव्रता वाढवत नेली की हालचाल आधी वाढते, मग उलट घटते, कारण सगळेच ग्राही भरल्यावर पेशीला दिशा कळत नाही. एकाच तीव्रतेवर ‘प्रतिसाद नाही’ असा निष्कर्ष काढू नये. निदान चार तीव्रता एकदम लावाव्यात.