राणी मुंगीचा फोटो पाठवण्याआधी

"राणी सापडली. काळी आहे, मोठी आहे. कोणती?" मुंग्या पाळणाऱ्यांकडून असा निरोप आणि वरून काढलेला एक फोटो, हे राणी ओळखून देणाऱ्या आम्हाला नेहमीचंच. मग आमचे प्रश्न, तुमचा दुसरा फोटो, तोही वरूनच. यात दोन-तीन दिवस सहज जातात. रंगावरून मुंगी ओळखता येत नाही. एकाच जातीत (species) रंग फिका-गडद असतो आणि काळ्या राण्या कितीतरी प्रजातींत (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहेत.

आम्हाला हवा असतो बाजूने काढलेला फोटो. ती राणी आहे की नाही, हे आधी त्यातच कळतं. राणीला कधीकाळी उडायचं असतं, म्हणून तिची छाती फुगीर असते आणि पंख गळाल्याच्या खुणा तिथे दिसतात. कॅम्पोनोटस प्रजातीची मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी वरून हुबेहूब राणी वाटते. बाजूने पाहिलं की तिची छाती सडपातळ निघते.

मग कंबर पाहायची. छाती आणि पोट यांच्यामध्ये एकच गाठ असेल तर कॅम्पोनोटस, लॅसियस वगैरे. दोन असतील तर फायडोली, सोलेनॉप्सिस, क्रेमॅटोगॅस्टर. या तिघींत क्रेमॅटोगॅस्टर लगेच कळते, कारण तिची दुसरी गाठ पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली असते. उरलेल्या दोघींसाठी मिशांची टोकं बघतो: फायडोलीत शेवटची तीन पेरं जाड, सोलेनॉप्सिसमध्ये दोन. वरून काढलेल्या फोटोत यातलं बरंचसं झाकलं जातं.

आम्ही बहुतेक वेळा फक्त प्रजाती सांगतो, जाती नाही. टाळाटाळ वाटते काहींना. पण जातीसाठी केसांची ठेवण, अंगावरची कोरल्यासारखी बारीक नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते आणि कामकरी मुंग्याही लागतात. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा हे बरं. पाळायला सुरुवात करण्यासाठी प्रजाती बहुधा पुरते: कॅम्पोनोटसची राणी पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत उपाशी राहते, पण पोनेराइन गटातल्या अनेक राण्या या काळातही शिकारीला बाहेर पडतात. त्यांना बंद काचनळीत खायला न देता तसंच ठेवलं तर उपासमार होते.

फोटो काढताना गोल नळीच्या काचेवर उजेड चकाकतो, म्हणून आमच्या किटमध्ये सपाट काचेची, मिलिमीटरच्या रेघा असलेली डबी दिली आहे. ती नसेल तर पारदर्शक चपटी डबी आणि मागे आलेखाचा कागद चालेल. फोटोसोबत सापडल्याची जागा, तारीख आणि डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंतची लांबी लिहा.