सर्व्हरवरून परस्पर ॲप बदलायला आम्ही नाही का म्हणतो

मोंढ्यातले व्यापारी, पतसंस्था आणि क्लासवाले यांच्यासाठी आम्ही मोबाइल ॲप बनवतो. सोयाबीनची आवक वाढली की मोंढ्यातून आम्हाला फोन येतात. हिशोबपट्टीत हमालीचा दर बदलायचा असतो, एखादा नवा रकाना हवा असतो, आणि तो आजच हवा असतो. नवी आवृत्ती प्ले स्टोअरच्या तपासणीतून पार पडायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस. गूगल स्वतःच सात दिवसांपर्यंतची आणि क्वचित त्याहून जास्त मुदत सांगतं. मग विचारणा होते, "दुसरे एक जण म्हणतात स्टोअरची भानगडच नको, सर्व्हरवरून परस्पर बदलून देतो. तुम्हाला का जमत नाही?"

जमतं, पण आम्ही ते करत नाही.

स्टोअरवरून उतरलेल्या ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती सही जुळत नाही आणि अँड्रॉइड ते ॲप बसवू देत नाही. पण ॲप चालू झाल्यावर त्यानेच इंटरनेटवरून दुसरी कोडची, म्हणजे ॲपने काय करायचं त्या सूचनांची, फाइल आणली आणि चालवली, तर त्या फाइलची सही अँड्रॉइड आपणहून तपासत नाही. ती तपासणी ॲपमध्ये लिहावी लागते, आणि घाईत असलेला माणूस नेमकी तीच सोडतो. शिवाय बाहेरून आलेल्या त्या कोडला मूळ ॲपच्या सगळ्या परवानग्या आयत्या मिळतात. तुमच्या ॲपला कॅमेरा, संपर्क यादी आणि लोकेशन दिलेलं असेल, तर त्यालाही ते मिळालं. गादीवर मुनीम बदलला, नवा कोण हे कोणी विचारलं नाही, आणि तिजोरीच्या किल्ल्या मात्र त्याच्या कमरेला, असा हा प्रकार आहे.

घात कुठे कुठे होऊ शकतो? पहिली जागा म्हणजे रस्ता. फाइल साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप नसलेल्या उघड्या जोडणीवरून, येत असेल, तर बसस्टँडवरच्या किंवा लॉजच्या फुकट वायफायवर बसलेला कोणीही ती मधल्या मध्ये बदलू शकतो. २०१५ मध्ये सॅमसंगच्या फोनमधल्या कीबोर्डबाबत हेच उघड झालं. तो भाषांच्या फाइली उघड्या रस्त्याने आणत होता. त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर त्यांच्या जागी आपली फाइल सरकवून फोनवर आपला कोड चालवू शकत होता. कीबोर्डला फोनमध्ये मोठे अधिकार होते आणि असे फोन कोट्यवधी होते. भाषेची फाइल ही दिसायला किती निरुपद्रवी गोष्ट!

दुसरी जागा म्हणजे फोनमधली साठवण. आणलेली फाइल मेमरी कार्डासारख्या सामायिक जागेत ठेवली, तर जुन्या अँड्रॉइडवर दुसरं एखादं ॲप तिथे हात घालून ती बदलू शकायचं. गूगलने हे हळूहळू आवळत आणलं. अँड्रॉइड १४ साठी बनवलेल्या ॲपमध्ये अशी फाइल "फक्त वाचण्यासाठी" अशी बंद केलेली नसेल, तर ती चालतच नाही. तिसरी जागा सर्व्हर. होस्टिंगचा पासवर्ड फुटला किंवा डोमेनचं नूतनीकरण राहून ते दुसऱ्याच्या हातात गेलं, तर एका फाइलने तुमच्या सगळ्या ग्राहकांचे फोन एकाच वेळी त्याच्या तावडीत सापडतात.

चौथी जागा सगळ्यांत फसवी आहे, कारण तिथे ॲप बनवणाऱ्यालाही पत्ता नसतो. जाहिराती दाखवण्यासाठी ॲपमध्ये तयार एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला आयता कोड, टाकतात. कागदपत्रं स्कॅन करायचं कॅमस्कॅनर आठवतं? एकेकाळी झेरॉक्सच्या दुकानापासून क्लासच्या ऑफिसापर्यंत सगळीकडे असायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या जाहिरातीच्या एसडीकेत असा भाग सापडला की जो बाहेरून दुसरा कोड आणून चालवायचा. प्ले स्टोअरने ते ॲप तेव्हा काढून टाकलं. तोपर्यंत त्याचे दहा कोटींवर डाउनलोड झाले होते. म्हणून "फुकट ॲप करून द्या, जाहिरातींवर भागेल" या मागणीला आमचं उत्तर जरा कोरडं येतं.

मुद्दाम फसवणारे तर ही वाट आवडीने धरतात. स्टोअरच्या तपासणीला साधंसुधं ॲप दाखवायचं, खरं काम करणारा कोड नंतर मागवायचा. फोनचे एसएमएस वाचून मालकाच्या नकळत पैशाच्या सेवा चालू करणाऱ्या "जोकर" घराण्यातली सुमारे १,७०० ॲप्स २०१७ पासून आपण हटवली, असं गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. म्हणूनच प्ले स्टोअरचा नियम कडक आहे : तिथून दिलेल्या ॲपने डेक्स, जार किंवा एसओ (चालवता येणाऱ्या कोडच्या फाइलींचे प्रकार) असा कोड दुसरीकडून उतरवायचा नाही. ॲपलचाही असाच नियम आहे. तो मोडला तर ॲप स्टोअरवरून जातं, आणि ऐन हंगामात जातं ते तुमचं, आमचं नाही.

आता तुमची घाई. ती खरी आहे, पण बहुतेक वेळा बदलायचा असतो तो आकडा, कोड नव्हे. हमाली, तोलाई, आजचा भाव, क्लासची फी, सुट्टीची सूचना ही सगळी माहिती आहे. ती सर्व्हरवरून पाच मिनिटांत बदलते आणि आमच्या ॲपमध्ये तुम्ही स्वतः बदलू शकता. हिशोब करायची पद्धत बदलणं मात्र कोडमध्ये येतं आणि ते स्टोअरमधूनच जाईल. हंगामात लागेल असं वाटणारं काम आम्ही आधीच आवृत्तीत घालून बंद ठेवतो आणि ठरल्या दिवशी सर्व्हरवरून त्याचं बटण तेवढं चालू करतो. काही ॲप्समध्ये जावास्क्रिप्टचा, म्हणजे वेबसाइटसाठीही वापरतात त्या भाषेतल्या कोडचा, भाग असतो. तो मर्यादित प्रमाणात बाहेरून बदलायला दोन्ही स्टोअर मुभा देतात. तिथेही आम्ही एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) आणि आमची सही तपासल्याशिवाय काही चालू देत नाही. सहीची गुप्त किल्ली सर्व्हरवर ठेवत नाही, म्हणजे सर्व्हर फुटला तरी खोटी फाइल चालणार नाही.

"एपीके (ॲप बसवायची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवा, गावातल्या ग्रुपवर टाकतो" हेही आम्ही करत नाही. वाहतूक चलनाच्या आणि पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. आपल्याच ग्राहकाला तशी फाइल उघडायची सवय आपण लावू नये. कोणी फसलंच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

पतसंस्था आणि क्लासवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार सभासदांच्या आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी तुमची असते, ॲप कोणीही बनवलेलं असो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडे काम देणार असाल तरी त्यांना एवढं जरूर विचारा : ॲप चालू झाल्यावर बाहेरून कोड आणतं का, कुठून आणतं, सही कोण तपासतं, आणि कोणत्या एसडीके घातल्या आहेत. यादी लेखी मागा. आमची यादी प्रत्येक आवृत्तीसोबत बिलाला जोडलेली असते.

हिशोबाच्या पद्धतीत यंदा बदल असेल तर गणपती बसायच्या आत कळवा. दसऱ्याच्या आवकेपर्यंत तो चाचणी होऊन, स्टोअरमधून रीतसर फोनवर पोचलेला असेल.