ग्रामसभा (मराठवाडा)

ग्रामसभा म्हणजे पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व मतदारांची वैधानिक सभा. सरपंच व सदस्य निवडून दिल्यानंतरही कारभाराचा जाब थेट विचारण्याचा हक्क मतदाराकडे राहतो, तो या सभेमुळे. मराठवाड्यात या हक्काला वेगळे मोल आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि गावगाडा पाटील-पटवारी यांच्या हाती असे. प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक येथे 1951-52 मध्ये झाली.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि पुरेशा कारणावाचून त्या न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. पंचायतीचा जमाखर्च, घरकुलाचे लाभार्थी, रोजगार हमीची कामे, टंचाईच्या दिवसांत टँकरची मागणी हे विषय येथे येतात. दवंडी पिटली जाते, सभा चावडीवर किंवा मारुतीच्या पारावर भरते, आणि ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात लिहिला जातो. सही करण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवा असा आग्रह ज्या गावात धरला जातो, तेथील ग्रामसभा खऱ्या अर्थाने जिवंत म्हणावी लागेल.

अडचण आहे ती हजेरीची. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ते न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्यातच परततात. त्यामुळे 26 जानेवारीच्या सभेत, ज्यांना रोजगार हमीच्या कामाची सर्वाधिक गरज असते, तेच फडात असतात आणि त्यांच्या वाट्याचे निर्णय मूठभरांच्या सह्यांवर होऊन जातात. हा दोष गावकऱ्यांच्या उदासीनतेचा नाही. सभांच्या तारखा स्थलांतराचा विचार करून ठरत नाहीत, हे त्याचे मूळ आहे.

नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसराच्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्यामुळे, म्हणजे पंचायत व्यवस्था अशा क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्यामुळे, ग्रामसभेचे अधिकार अधिक व्यापक आहेत. तेथे पाडा किंवा वस्ती स्वतःची वेगळी ग्रामसभा स्थापन करू शकते आणि तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजावर तिची मालकी मानली जाते.