पहिल्या मालिकेसाठी लडाख गाठावं लागत नाही

‘फाइन आर्ट फोटोंची, म्हणजे कला म्हणून काढलेल्या फोटोंची, मालिका करायची तर वाराणसी नाहीतर लडाख गाठा, कोल्हापुरात काय मिळणार?’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या प्रागच्या योसेफ सुदेक या छायाचित्रकारानं १९४० ते १९५४ या काळात स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढले. काचेवरचं दव, बर्फ, अंगणातलं वाकडं झाड, एवढाच ऐवज! मालिका उभी राहते ती एकाच गोष्टीकडं पुन्हा पुन्हा पाहिल्यानं. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या तालमीची लाल माती घ्या: पहाटे घामानं भिजलेली, दुपारी निवांत, संध्याकाळी पुन्हा पायांच्या ठशांनी भरलेली. लेन्स एकच ठेवा. शेवटी फोटो निवडताना देखणा पण विषयाबाहेरचा फोटो वगळा. मला तरी हेच सगळ्यांत जड जातं.