इनामगावचा कोळसा, कुलाब्याचा काउंटर

तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने सप्टेंबर २०१९मध्ये कीळडीच्या उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यातला एकच आकडा देशभर गाजला: इ.स.पू. ५८०. जमिनीखाली ३५३ सेंटिमीटरवर सापडलेल्या कोळशाचे ते वय होते, आणि ते काढले होते अमेरिकेतल्या फ्लोरिडामधील एका प्रयोगशाळेने. ज्यांना तारीख आवडली त्यांनी ती डोक्यावर घेतली, ज्यांना नावडली त्यांनी प्रयोगशाळेवरच शंका घेतली. अशी तारीख मुळात बनते कशी, हे मात्र कुणी फारसे विचारले नाही. ती बनवायला खणणारे लागतात, भौतिकशास्त्रज्ञ लागतात आणि यंत्रे बांधणारेही लागतात. हे तिघे भारतात प्रथम एकत्र आले ते बरेचसे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात.

पुण्यातला धागा डेक्कन कॉलेजचा. १८२१ साली पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून सुरू झालेली ही संस्था १९३४ला बंद पडली आणि १९३९मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकलिया तिथे पुरातत्त्व शिकवायला आले. इरावती कर्वेही त्याच वेळच्या. भाषा, समाज आणि इतिहास यांच्यासाठी उभारलेल्या त्या वास्तूत भौतिकशास्त्राचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते.

संबंध आला तो अडचणीतून. १९५०-५१मध्ये सांकलियांनी नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे खणले. प्रवरेकाठच्या जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल रंगाची, वर काळी नक्षी काढलेली, खणखणीत भाजलेली मातीची भांडी मिळाली. मग नेवाशाला तेच, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात जागोजागी तेच. गावकरी ज्याला पांढर म्हणतात आणि घराच्या भिंतींसाठी जिथली माती उचलून नेतात, ती टेकाडे म्हणजे पूर्वी वसून उठलेली गावे होती. पण ती कधीची? सातवाहनांची नाणी वरच्या थरात निघत, म्हणजे खालचा थर त्यांच्या आधीचा, एवढे कळे. दोनशे वर्षे आधीचा की हजार, हे सांगायला ना लेख होता ना नाणे. थराची जाडी मोजून वर्षे काढण्याचा एक उद्योग तेव्हा चाले. पण एक पूर सगळा हिशेब बिघडवू शकतो.

सिंधू संस्कृतीची स्थितीही फार वेगळी नव्हती. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी तिला इ.स.पू. २५०० ते १५०० असा काळ दिला होता. सुरुवातीसाठी आधार मेसोपोटेमियात सापडलेल्या सिंधू मुद्रांचा होता आणि शेवटासाठी ऋग्वेदातल्या पुरंदराचा, म्हणजे शत्रूंची पुरे फोडणाऱ्या इंद्राचा. त्यातला पहिला आधार ठीकच म्हणायचा. दुसरा म्हणजे एका अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज.

शिकागोत विलर्ड लिबी यांनी १९४९मध्ये कार्बन-१४ची पद्धत जाहीर केली, आणि तिच्यासाठी १९६०चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. तत्त्व सोपे आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन सुटतात. ते नायट्रोजनच्या अणूंना धडकले की कार्बन-१४ तयार होतो. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून तो घेत राहते. तोडले की आवक थांबते आणि साठा घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. उरलेला किती हे मोजा, वय मिळेल.

मोजणे मात्र सोपे नाही. हवेतल्या सुमारे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक कार्बन-१४चा. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला जेमतेम १४ अणू फुटतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात नऊ-दहा. हे फुटणे टिपून एकेक ठोका मोजणारे यंत्र म्हणजे काउंटर. उघड्यावर ठेवलेल्या काउंटरमध्ये मात्र आसपासच्या भिंतींतून आणि आकाशातून येणाऱ्या किरणांचे ठोके मिनिटाला शेकड्यांनी पडतात. ज्या विश्वकिरणांमुळे हे घड्याळ चालते, तेच ते वाचू देत नाहीत.

म्हणूनच भारतातले पहिले मोठे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले, यात नवल नाही. होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक होते. १९४५मध्ये बंगळुरात सुरू होऊन त्याच वर्षी मुंबईला आलेल्या या संस्थेत विश्वकिरणांची मोजणी हा जुना धंदा होता. विश्वकिरणांचेच संशोधक बर्नार्ड पीटर्स काही वर्षे तिथे होते. देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी पावसाच्या पाण्यात विश्वकिरणांनी घडवलेले बेरिलियम शोधत होते. नको ते ठोके गाळून हवे ते मोजण्याचे कसब तिथे आधीच मुरले होते. कार्बन-१४ हा त्यांच्या दृष्टीने त्याच प्रश्नाचा आणखी एक तुकडा. पुरातत्त्वाची सेवा करायची म्हणून कुणी ती प्रयोगशाळा मुळातून उभारली, असे मला वाटत नाही. पुरातत्त्वाला ती आयती मिळाली.

कोळशाचा तुकडा आला की आधी आम्लाने त्यातली चुनखडी काढायची, मग अल्कलीने मातीतून झिरपलेली सेंद्रिय घाण. काळ्या मातीतल्या नमुन्यात आजच्या गवताची मुळे हमखास असतात, ती भिंगाखाली वेचायची. उरले ते जाळून वायू करायचा आणि तो शुद्ध करायचा. कार्बनबरोबर रेडॉन हा किरणोत्सारी वायू शिरलेला असतो आणि तो मोजणीत खोटे ठोके मिसळतो, म्हणून वायू काही आठवडे नुसता ठेवून द्यायचा. रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो, तेवढ्यात तो मरतो. मग वायू नळीत भरायचा. नळीभोवती शिसे-लोखंडाच्या जाड भिंती, आणि त्यांच्या आत दुसऱ्या काउंटरांचे कडे. बाहेरचे कडे आणि आतली नळी एकाच क्षणी वाजली तर तो पाहुणा बाहेरून आला, तो ठोका सोडून द्यायचा.

एवढे केल्यावर रात्रंदिवस मोजत बसायचे. एक टक्का अचूकता हवी तर दहा हजार ठोके लागतात, आणि एक टक्का म्हणजे वयात सुमारे ८० वर्षांचा फरक. तारखेपुढे ± ८० किंवा ± १०० असते ते यामुळेच. वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा नेमके हेच शेपूट तुटलेले असते.

मुंबईच्या तारखांना ‘टीएफ’ ही खूण मिळाली. शीला कुसुमगर, लाल आणि सहकाऱ्यांच्या याद्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापून येऊ लागल्या. पुरातत्त्वाची बाजू धर्मपाल अग्रवाल सांभाळत. त्याआधी सांकलियांना नर्मदाकाठच्या नावडाटोलीचे नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे पाठवावे लागले होते. आता पुण्याहून टाटा संस्थेचे कुलाबा एका रात्रीच्या अंतरावर आले.

१९६४च्या फेब्रुवारीत अग्रवालांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि त्याने व्हीलरना थेट आव्हान दिले: सिंधू संस्कृतीचा काळ हजार वर्षांचा नाही, इ.स.पू. २३०० ते १७५० एवढाच. मुंबईच्या काउंटरने प्रस्थापित इतिहासाला दिलेला हा धक्का होता, आणि तो बराच काळ टिकलाही. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते: हवेतले कार्बन-१४चे प्रमाण सदैव सारखेच राहिले, हे. ते तसे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवर हजारो वर्षे जगणाऱ्या पाइन वृक्षांची वर्तुळे एकेक मोजून त्यांतला कार्बन तपासला गेला, तेव्हा १९६०च्या दशकाअखेर हान्स स्यूस यांनी दाखवले की इतक्या जुन्या तारखा काही शतकांनी मागे सरकवाव्या लागतात. ती दुरुस्ती केल्यावर आज प्रगल्भ सिंधू काळ, म्हणजे तिच्या शहरांच्या भरभराटीचा काळ, इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात. म्हणजे मुद्रांवरून काढलेली व्हीलरची सुरुवात बरीच बरोबर ठरली, आणि ऋग्वेदावरून काढलेला शेवट चुकला.

महाराष्ट्रात या सगळ्याचा सर्वांत मोठा उपयोग इनामगावला झाला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते खणले. सव्वाशेहून अधिक घरे उघडी झाली. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत मुले पुरलेली होती. प्रौढांना पुरताना पावले तोडलेली होती. पाटाने पाणी फिरवल्याच्या खुणा होत्या. ‘टीएफ’च्या आणि पुढे अहमदाबादच्या तारखांवर गावाचे तीन टप्पे बसले: माळवा (इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व म्हणजे आधीचे जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर म्हणजे नंतरचे जोर्वे (१००० ते ७००). तारखा बसल्यावरच बदलाची गोष्ट सांगता आली. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी शेवटच्या टप्प्यात गोल झोपड्या येतात, सुबत्ता आटते. ढवळीकरांनी याचा दोष कोरड्या पडत गेलेल्या हवामानाला दिला. सर्वांना ते पटले नाही, पण वाद घालायला कालक्रम तरी हाती होता.

१९७२मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि कार्बनचे कामही त्यांच्यामागून तिकडे गेले. मुंबईतला हा अध्याय तसा दहा-बारा वर्षांचाच.

पुढची उडी अभियांत्रिकीची. फुटणारे अणू मोजत बसण्यापेक्षा कार्बन-१४चे अणूच त्वरकातून, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, पळवून चुंबकाने वेगळे काढावेत आणि थेट मोजावेत, ही पद्धत १९७०च्या दशकाअखेर परदेशात सिद्ध झाली. काही ग्रॅम कोळशाऐवजी मिलिग्रॅमभर पुरतो. म्हणजे एका जळक्या दाण्याचेही वय काढता येते. दाण्याचा फायदा मोठा आहे. खांबाचे लाकूड घरापेक्षा शंभर वर्षे जुने असू शकते, दाणा त्याच हंगामातला असतो. आज दिल्लीत आणि अहमदाबादेतही असे त्वरक चालतात.

यंत्र कितीही सुधारले तरी एक अडचण जात नाही. साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात झाडांच्या वर्तुळांवरून काढलेला दुरुस्तीचा आलेख जवळपास सपाट होतो. त्या चारशे वर्षांतली बरीचशी लाकडे प्रयोगशाळेला सारख्याच वयाची दिसतात. कीळडीचे इ.स.पू. ५८० नेमके या पट्ट्यात येते. उत्तर जोर्व्याचा शेवट आणि दख्खनमधल्या शहरांचा उदय यांच्यातला काळही तिथेच पडतो. या पट्ट्यातला एकटा आकडा कुणी साल म्हणून सांगितला, तर मी त्यावर फार भार टाकणार नाही. एकावर एक थरांतल्या अनेक तारखा हव्यात.

आणि जिथे कार्बनच नाही तिथे काय? १९७४मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला झुडपाची मुळे खणताना काशाची चार शिल्पे मिळाली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. वजन सगळे मिळून साठ किलोंवर. ती कुठल्याच थरातून निघाली नव्हती. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. त्यांच्यासह अनेकांनी ती उत्तर सिंधू काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातली मानली. अग्रवालांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले: त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, आणि तसे मिश्रण ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरण्याच्या काळातल्या, आपल्याकडच्या दुसऱ्या वस्तूंत नाही, तेव्हा शिल्पे बरीच नंतरची असू शकतात. पोकळ ओतलेल्या मूर्तीत मातीचा भाजलेला गाभा उरतो, त्याचे वय तप्तदीप्ती पद्धतीने, म्हणजे तो पुन्हा तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, काढता येते. ही चारही भरीव आहेत.