ट्रेनर, रॉजर जॉन

(१२ फेब्रुवारी १९०० – १४ मे १९८३). अमेरिकन विधिज्ञ व कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. अमेरिकेत प्रत्येक घटकराज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. करार, अपघात, विवाह अशा रोजच्या व्यवहारांचा कायदा बराचसा तिथेच घडतो. त्या पातळीवर ट्रेनर यांच्याइतका खोल ठसा क्वचितच कुणी उमटवला असेल.

जन्म युटामधील पार्क सिटी या खाणगावात. आईवडील आयरिश स्थलांतरित. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी राज्यशास्त्रातील डॉक्टरेट आणि १९२७ साली कायद्याची पदवी मिळवली. पुढे तिथेच कायदा शिकवला. करकायदा हा त्यांचा खास विषय. १९४० मध्ये राज्यपाल कल्बर्ट ओल्सन यांनी त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात नेमले, तेव्हा न्यायाधीशपदाचा अनुभव शून्य होता.

१९४४ च्या ‘एस्कोला विरुद्ध कोका-कोला बॉटलिंग कंपनी’ खटल्यात एका वेट्रेसच्या हातात शीतपेयाची बाटली फुटली होती. कंपनीचा निष्काळजीपणा गृहीत धरता येतो, म्हणून बहुमताने तिची भरपाई कायम ठेवली. ट्रेनर यांनी निकाल मान्य केला, पण कारणे स्वतंत्र लिहिली : सदोष वस्तू बाजारात आणणाऱ्या उत्पादकाने निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावी. एकट्या जखमी माणसाला तो खर्च चिरडून टाकतो. उत्पादक विमा उतरवून तो किमतीत वाटून घेऊ शकतो. हे मत एकोणीस वर्षे एकाकी राहिले. १९६३ मध्ये ‘ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स’ या सुतारकामाच्या यंत्राच्या खटल्यात ट्रेनर यांच्याच लेखणीने, एकमताने, ते कॅलिफोर्नियाचा कायदा झाले आणि लवकरच इतर राज्यांत पसरले.

‘पेरेझ विरुद्ध शार्प’ (१९४८) हा त्यांचा सर्वांत धैर्याचा निकाल म्हटला पाहिजे. अँड्रिया पेरेझ कायद्याच्या लेखी गोऱ्या, सिल्व्हेस्टर डेव्हिस कृष्णवर्णीय. म्हणून लॉस एंजेलिस काउंटीने विवाहाचा परवाना नाकारला. चार विरुद्ध तीन मतांनी आंतरवर्णीय विवाहांवरची राज्याच्या कायद्यातील ही बंदी रद्द झाली. निवडलेल्या जोडीदाराची जागा दुसरे कुणी घेऊ शकत नाही. माणसे आगगाड्यांसारखी एकीऐवजी दुसरी चालतील अशी नसतात, असे ट्रेनर यांनी लिहिले. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय त्याच निष्कर्षाला १९६७ मध्ये पोहोचले.

१९६४ ते १९७० ते मुख्य न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर पुन्हा अध्यापनाकडे वळले.

स्वतःचे मत फिरवण्याची त्यांची तयारी विशेष नोंदवण्याजोगी आहे. पोलिसांनी बेकायदा झडतीत मिळवलेला पुरावाही ग्राह्य धरावा, असे त्यांनीच १९४२ मध्ये लिहिले होते. पण पोलीस पुनःपुन्हा तेच करत राहिले, इतर कोणताही उपाय लागू पडला नाही. तेव्हा १९५५ च्या ‘पीपल विरुद्ध काहन’ निकालात त्यांनी असा पुरावा बाद ठरवला. सहा वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘मॅप विरुद्ध ओहायो’ निकालाने तोच नियम साऱ्या राज्यांवर बंधनकारक झाला.