डिफेन्सिव्ह लाइन (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या अकरा खेळाडूंपैकी जे चेंडूच्या रेषेवर, प्रतिस्पर्ध्याच्या थेट समोर ठाण मांडून उभे राहतात, त्यांची फळी. ती बहुधा चौघांची, काही रचनांत तिघांची असते. चौघांत कडेचे दोघे डिफेन्सिव्ह एंड आणि मधले दोघे डिफेन्सिव्ह टॅकल. तिघांच्या फळीतील मधल्याला नोज टॅकल म्हणतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला जागीच रोखणे आणि चेंडू फेकण्यापूर्वी क्वार्टरबॅकला (आक्रमणाचा सूत्रधार, पास फेकणारा) गाठून पाडणे (सॅक) ही या फळीची दोन मुख्य कामे. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) आणि १९६०–६९ या काळातील तिची स्पर्धक अमेरिकन फुटबॉल लीग (एएफएल) यांतील सर्वोत्तम फळी कोणती, हा वाद जुना आहे. तो मिटत नाही, कारण या दोन कामांपैकी एकाचीच मोजदाद आकड्यांत नीट होते.

चौघांच्या फळीचा उगम : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत बचावाच्या पुढच्या फळीत पाच किंवा सहा खेळाडू असत. फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक ग्रीझी नील यांची पाच जणांची रचना ‘ईगल डिफेन्स’ म्हणून ओळखली जाई. तीतील मधला खेळाडू (मिडल गार्ड) दोन पावले मागे सरला, की पुढे चौघे उरतात व मागे मधला लाइनबॅकर (फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) तयार होतो. हे पहिल्यांदा कोणी केले याविषयी मतभेद आहेत. सर्वाधिक सांगितली जाणारी हकिकत शिकागो बेअर्सच्या बिल जॉर्ज यांची. १९५४ मध्ये ईगल्सविरुद्धच्या सामन्यात आपल्या डोक्यावरून छोटे पास निघून जात आहेत हे पाहून ते मागे सरले आणि लवकरच त्यांनी एक पास हस्तगत केला, असे म्हणतात. दुसऱ्या मतानुसार क्लीव्हलँड ब्राउन्सचे चपळ मिडल गार्ड बिल विलिस (कारकीर्द १९४६–५३) त्याआधीच रेषेपासून मागे उभे राहू लागले होते. न्यूयॉर्क जायंट्सचे स्टीव्ह ओवेन यांनी १९५० मध्ये योजलेल्या ‘अंब्रेला’ रचनेकडेही काही अभ्यासक बोट दाखवतात. तीत कडेचे खेळाडू मागे सरत. मात्र एखाद्या खेळाडूने प्रसंगी मागे सरणे वेगळे आणि संघाने ती नेहमीची रचना करणे वेगळे. दुसरी कसोटी लावली तर पारडे जायंट्सचे तत्कालीन बचाव-प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्याकडे झुकते. १९५६ मध्ये त्यांनी अँडी रोबुस्टेली, रोझी ग्रिअर, डिक मॉडझेलेव्स्की व जिम कॅटकॅव्हेज यांना पुढे आणि नवख्या सॅम हफ यांना मागे ठेवून ४–३ (पुढे चौघे, मागे तीन लाइनबॅकर) रचना पक्की केली. त्या वर्षीचा अंतिम सामना जायंट्सने बेअर्सविरुद्ध ४७–७ असा जिंकला.

‘फिअरसम फोरसम’ : फळ्यांना टोपणनावे देण्याची प्रथा बहुधा जायंट्सपासूनच पडली. ‘फिअरसम फोरसम’ (भयंकर चौकडी) हे नाव आज लॉस एंजेलिस रॅम्सशी कायमचे जोडले गेले असले, तरी ते त्यांचे पहिले नव्हे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते जायंट्ससाठी वापरले गेल्याचे मानतात. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी एएफएलमधील सॅन डिएगो चार्जर्सच्या फळीलाही तेच नाव मिळाले. तीत अर्ल फेझन व सहा फूट नऊ इंचांचे अर्नी लॅड होते (लॅड पुढे व्यावसायिक कुस्तीत गाजले). १९६१ मध्ये चार्जर्सने तब्बल ४९ पास हस्तगत केले, त्यात या फळीच्या दडपणाचा वाटा मोठा असणार. पण एएफएलच्या सुरुवातीच्या काळातील नोंदी तुटपुंज्या असल्याने त्यापलीकडे फारसे सांगता येत नाही.

त्याच सुमारास डेट्रॉइट लायन्सच्या ॲलेक्स करास, रॉजर ब्राउन, डॅरिस मॅकॉर्ड व सॅम विल्यम्स यांनाही हे नाव लावले गेले. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी या फळीच्या जोरावर लायन्सने ग्रीन बे पॅकर्सचे क्वार्टरबॅक बार्ट स्टार यांना ११ वेळा पाडले व सामना २६–१४ असा जिंकला. पॅकर्सचा त्या हंगामातील तो एकमेव पराभव. एका सामन्यावरून फळी ठरवायची झाली, तर हिच्या जवळ येणाऱ्या फळ्या थोड्याच सापडतील.

रोझी ग्रिअर १९६३ मध्ये जायंट्सकडून रॅम्सकडे आले आणि डीकन जोन्स, मर्लिन ओल्सेन, लमार लंडी यांच्यासह ती सुप्रसिद्ध चौकडी पूर्ण झाली. जोन्स हे १९६१ च्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्ट) चौदाव्या फेरीत घेतलेले, जवळजवळ अनोळखी खेळाडू होते. चेंडू हलताक्षणी क्वार्टरबॅकला राखणाऱ्या समोरच्या खेळाडूच्या शिरस्त्राणावर कानापाशी उघड्या पंजाचा तडाखा (हेड स्लॅप) द्यायचा, त्याचे डोळे मिटतात किंवा मान वळते तेवढ्यात त्याच्या बाजूने निसटायचे, हे त्यांचे हत्यार. एनएफएलने १९७७ मध्ये त्यावर बंदी घातली. ओल्सेन यांनी आतल्या बाजूने पंधरा हंगाम खेळून १४ वेळा प्रो बोलसाठी (हंगामातील निवडक खेळाडूंचा सामना) निवड मिळवली. एनएफएलच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सर्वकालीन संघात पुढच्या फळीचे १४ खेळाडू आहेत. त्यांत एकाच फळीत खांद्याला खांदा लावून खेळलेली जोडी जोन्स व ओल्सेन यांचीच. (१९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला पकडणाऱ्यांत ग्रिअर होते, हे खेळाबाहेरचे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

या कीर्तीपुढे एक गोष्ट सहसा दडून राहते. मूळ चौकडी एकत्र असलेल्या चार हंगामांत रॅम्सची कामगिरी १९६३ मध्ये ५ विजय व ९ पराभव, १९६४ मध्ये ५ विजय, ७ पराभव व २ बरोबरी, १९६५ मध्ये ४ विजय व १० पराभव आणि जॉर्ज ॲलन प्रशिक्षक झाल्यावर १९६६ मध्ये ८ विजय व ६ पराभव अशी होती. ११ विजयांचा मोठा हंगाम आला तो १९६७ मध्ये. तोवर घोट्यामागचा स्नायुबंध तुटल्याने ग्रिअर बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी लायन्सचे रॉजर ब्राउन आले होते. त्या हंगामाअखेरही रॅम्स पॅकर्सकडून २८–७ असे हरले. फळी चांगली म्हणजे संघ चांगला, हे समीकरण इथेच मोडते.

सॅकची मोजदाद : वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद एनएफएलने १९८२ पासून सुरू केली; योगायोगाने तो हंगाम संपामुळे नऊ सामन्यांवर आटोपला. त्यामुळे जोन्स, मिनेसोटाचे ॲलन पेज, पिट्सबर्गचे जो ग्रीन यांच्या अधिकृत खात्यावर एकही सॅक नाही. जॉन टर्नी व निक वेबस्टर या संशोधकांनी जुने सामन्यांचे तपशील व चित्रफिती तपासून १९६० पर्यंतचे आकडे जुळवले. ते २०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या संदर्भसंस्थेने प्रसिद्ध केले. त्यांनुसार जोन्स यांचे १७३.५ व पेज यांचे १४८.५ सॅक होतात. डेट्रॉइटचे बबा बेकर यांनी पहिल्याच हंगामात, १९७८ मध्ये, २३ सॅक केल्याचे त्यातून दिसते. अधिकृत यादीत मात्र मार्क गॅस्टिनो यांचा १९८४ मधील २२ चा विक्रम २००१ मध्ये मायकल स्ट्रेहन यांनी २२.५ ने मोडला, असाच क्रम लागतो. स्ट्रेहन यांच्या त्या शेवटच्या सॅकमध्ये ब्रेट फार्व्ह जणू स्वतःहूनच खाली बसले, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

१९८२ च्या रेषेचा सर्वांत मोठा फटका न्यूयॉर्क जेट्सला बसला. जो क्लेको, गॅस्टिनो, मार्टी लायन्स व अब्दुल सलाम यांची ‘न्यूयॉर्क सॅक एक्स्चेंज’ ही फळी १९८१ मध्ये भरात होती. संघाने ६६ सॅक केले, पैकी क्लेको व गॅस्टिनो यांचे प्रत्येकी २० किंवा त्याहून अधिक. अधिकृत मोजणी पुढच्याच वर्षी सुरू झाली. क्लेको यांना हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातील थोरांचे सन्मानदालन) जागा मिळायला २०२३ उजाडले.

टर्नी–वेबस्टर आकडे विश्वसनीय मानण्यास हरकत नसावी. तरी वेगवेगळ्या काळांची तुलना जपूनच करावी लागते. हंगामातील सामने १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ व २०२१ पासून १७ झाले. १९७८ मध्येच क्वार्टरबॅकला राखणाऱ्या संरक्षक खेळाडूंना हात लांब करून उघड्या पंजांनी अडवण्याची मुभा मिळाली. शिवाय सॅकची मोजणी कडेच्या खेळाडूला झुकते माप देते. मधला टॅकल दोन संरक्षक अंगावर घेतो, त्याच्यामुळे मोकळा झालेला एंड क्वार्टरबॅकला पाडतो. कबड्डीत पाय धरून ठेवणारा एक आणि गुण मोजताना नाव दुसऱ्याचे, तसा हा प्रकार.

मिनेसोटा आणि पिट्सबर्ग : मिनेसोटा व्हायकिंग्जच्या कार्ल एलर, ॲलन पेज, गॅरी लार्सन व जिम मार्शल यांना जांभळ्या गणवेशामुळे व १९५८ मधील एका विनोदी गाण्यामुळे ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत. १९६९ मध्ये त्यांच्या संघाने १४ सामन्यांत केवळ १३३ गुण दिले. पेज १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवणारे पहिले बचावपटू ठरले. पुढे ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मार्शल सलग २८२ सामने खेळले.

पिट्सबर्ग स्टीलर्सच्या ‘स्टील कर्टन’मध्ये एल. सी. ग्रीनवुड, जो ग्रीन, अर्नी होम्स व ड्वाइट व्हाइट होते. यांपैकी फक्त ग्रीन पहिल्या फेरीतील निवड (१९६९); ग्रीनवुड दहाव्या, होम्स आठव्या व व्हाइट चौथ्या फेरीतले. हे नाव चौघांचे की साऱ्या बचावाचे, याबाबत एकवाक्यता नाही. दोन्ही वापर रूढ आहेत. १९७४ च्या हंगामात ग्रीन प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या फळीतील सेंटर (मधला) व गार्ड (त्याच्या शेजारचा) यांच्यामधल्या फटीत, सरळ नव्हे तर तिरके, उभे राहू लागले. त्यांना रोखायला सेंटर व गार्ड दोघांनाही त्यांच्याकडे वळावे लागे आणि मागचे लाइनबॅकर जॅक लँबर्ट मोकळे राहत.

या दोन फळ्या १२ जानेवारी १९७५ रोजी न्यू ऑर्लिन्सला नवव्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) आमनेसामने आल्या. व्हाइट आठवडाभर न्यूमोनियाने रुग्णालयात होते, वजन सुमारे आठ किलोंनी घटले होते. तरी ते मैदानात उतरले. चारपैकी दुसऱ्या सत्रात व्हायकिंग्जचा चेंडू देण्याघेण्यात निसटून त्यांच्याच गोलक्षेत्रात गडगडला. क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटन त्यावर पडले आणि व्हाइटनी त्यांना तिथेच स्पर्श केला. सेफ्टीचे ते दोन गुण म्हणजे मध्यंतरापर्यंतची सगळी गुणसंख्या. अखेर स्टीलर्स १६–६ असे जिंकले. व्हायकिंग्जना धावून अवघे १७ यार्ड मिळाले, तर स्टीलर्सना २४९. व्हायकिंग्जचा एकमेव टचडाउनही अडवलेल्या पंटमधून (लाथेने दूर धाडलेला चेंडू) आला, आक्रमणातून नव्हे.

व्हायकिंग्जची फळी वेगवान पण वजनाने हलकी होती आणि ताकदीने धावणाऱ्या संघांपुढे ती मागे रेटली जाई, असे एक मत आहे. आठव्या सुपर बोलमध्ये मायामीच्या बॉब ग्रीसी यांना फक्त ७ पास फेकावे लागले आणि लॅरी झॉन्का १४५ यार्ड धावले. अकराव्यात ओकलंडने २६६ यार्ड धावून घेतले. हे पाहता या मताला बराच आधार आहे. उलट स्टीलर्सने १९७६ मध्ये १ विजय व ४ पराभवांनंतर सलग नऊ सामने जिंकताना एकूण २८ गुण दिले व पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवले. मात्र त्या बचावातील आठ जण प्रो बोलला निवडले गेले होते, तेव्हा श्रेय एकट्या फळीचे म्हणता येत नाही. हॉल ऑफ फेममध्येही चौघांपैकी ग्रीन एकटेच आहेत.

नंतरच्या फळ्या : डॅलस काउबॉइजच्या दोन ‘डूम्सडे’ फळ्या (पहिलीत बॉब लिली, दुसरीत रँडी व्हाइट व हार्वी मार्टिन) स्वतंत्र नोंदीच्या योग्यतेच्या आहेत. बाराव्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूचा मान व्हाइट व मार्टिन यांना विभागून मिळाला.

शिकागो बेअर्सच्या रिचर्ड डेंट, डॅन हॅम्प्टन, स्टीव्ह मॅकमायकल यांच्या फळीने १९८४ मध्ये संघाला ७२ सॅकचा विक्रम मिळवून दिला. १९८५ मध्ये अजस्र विल्यम पेरी त्यात आले. बाद फेरीत जायंट्स २१–० व रॅम्स २४–० असे हरले, तर विसाव्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडला धावून ७ यार्ड मिळाले (निकाल ४६–१०). लोकप्रिय याद्यांत ही फळी बहुधा अग्रभागी असते. पण बचाव-प्रशिक्षक बडी रायन यांच्या ‘४६’ रचनेत रेषेवर सहा ते आठ जण जमा होत आणि कोण चाल करून येणार याचा अंदाजच प्रतिस्पर्ध्याला येत नसे. चौघांनी स्वबळावर काय केले, हा निकष धरल्यास पिट्सबर्गची १९७४–७६ ची फळी तिच्या वर ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.

फिलाडेल्फियाच्या रेगी व्हाइट, जेरोम ब्राउन व क्लाइड सिमन्स यांच्या १९९१ च्या बचावाने एकूण, धावून व पासवर दिलेले यार्ड या तिन्हींत पहिला क्रमांक पटकावला. जून १९९२ मध्ये ब्राउन मोटार अपघातात दगावले आणि ती फळी तिथेच तुटली. बॉल्टिमोर रेव्हन्सची २००० ची फळी सॅकच्या यादीत उठून दिसत नाही. तिचे सॅम ॲडम्स व टोनी सिरागुसा, दोघेही दीडशे किलोंच्या आसपासचे, संरक्षकांना अडकवून ठेवत आणि लाइनबॅकर रे लुईस यांना वाट मोकळी करून देत. संघाने १६ सामन्यांत १६५ गुण व धावून ९७० यार्डच दिले. ३ फेब्रुवारी २००८ रोजी जायंट्सच्या स्ट्रेहन, ऑसी उमेनयोरा व जस्टिन टक यांच्या फळीने तोवर १८ सामने अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडींना सतत दडपणाखाली ठेवले. त्यांना पाच वेळा पाडण्यात आले व जायंट्स १७–१४ असे जिंकले.

अलीकडे आठ-नऊ जण आळीपाळीने खेळत असल्याने ‘चौकडी’ ही कल्पनाच सैल झाली आहे. २०२२ च्या ईगल्सने ७० सॅक केले. दहा किंवा अधिक सॅक करणारे चौघे एकाच संघात असण्याची ती पहिलीच वेळ. त्यांतील सर्वाधिक, १६, हासन रेडिक यांचे, आणि त्यांची नोंद लाइनबॅकर म्हणून होते. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये याच संघाने, मागच्या खेळाडूंना चाल करून न पाठवता, पुढच्या चौघांच्या दडपणावर पॅट्रिक माहोम्स यांना सहा वेळा पाडले आणि कॅन्सस सिटीवर ४०–२२ असा विजय मिळवला.